एका रविवारची शर्यत आणि वर्षभराचा धंदा: पॅरिस–रूबेचे सहा धडे



सुरुवात एका प्रश्नाने करतो. तुमच्या धंद्यात असा एखादा दिवस आहे का, ज्याच्यावर अख्ख्या वर्षाचं गणित अवलंबून असतं? राख्या करणाऱ्यांचा राखीपौर्णिमेच्या आधीचा रविवार, फराळवाल्यांचा धनत्रयोदशीच्या आधीचा आठवडा, मंडप-डेकोरेशनवाल्यांचे लग्नाचे मोठे मुहूर्त. बऱ्याच जणांचा असा एक दिवस असतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी दिवाळीच्या प्रदर्शनात दोन दिवसांचा स्टॉल घेतला. चकली, शेव, अनारसे. हाताला चव अशी की एकदा खाल्लं की माणूस पुन्हा विचारत येणार. त्यांनी साठवलेल्या दोन लाखांपैकी पावणेदोन लाख त्या दोन दिवसांत लावले. दुसऱ्या दिवशी दुपारी धो धो पाऊस आला आणि गर्दी आलीच नाही. निम्म्याहून जास्त माल उरला. माल वाईट नव्हता, भाव वाईट नव्हता. पुढच्या वर्षी त्याच प्रदर्शनात मुंगीला वाट नव्हती, पण तेव्हा ताई तिथे नव्हत्या. लावायला पैसेच उरले नव्हते.

आता खरं सांगतो. "ताई, घाबरू नका, पूर्ण ताकदीने उतरा" असं त्यांना सांगणारा मीच होतो. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, "सर, यंदा परत उतरू का?" मी लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, थोडा विचार करून सांगतो. तो विचार करताना मला एक सायकलची शर्यत आठवली. या आठवड्याचा व्हिडिओ तिच्यावरच आहे. व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं ते इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

ही शर्यत आहे तरी काय?

टूर द फ्रान्सचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ती तीन आठवडे चालते. एक दिवस वाईट गेला तर दुसऱ्या दिवशी भरून काढता येतो. पॅरिस–रूबे ही त्याच देशातली, पण एकाच दिवसाची शर्यत. एप्रिलमधला एक रविवार, साधारण दुसरा. सकाळी सुटायचं, दुपारी निकाल. त्या दिवशी जे झालं ते झालं, पुढची संधी थेट वर्षाने.

नावात पॅरिस असलं तरी १९७७ पासून ती पॅरिसच्या उत्तरेला असलेल्या काँपिएन या गावातून सुटते. संपते बेल्जियमच्या सीमेजवळच्या रूबे शहरात, सायकलच्या ट्रॅकवर, म्हणजे व्हेलोड्रोममध्ये. अंतर साधारण २६० किलोमीटर. त्यातले सुमारे ५५ किलोमीटर दगडी चिऱ्यांच्या जुन्या रस्त्यांवरून जातात. हे चिरे म्हणजे आपल्या सोसायटीतले गुळगुळीत पेव्हर ब्लॉक नव्हेत. शेतातले रस्ते, वर आलेले दगड, मध्ये फटी, कडेला माती. कोरडं असेल तर धुळीचे लोट आणि पाऊस असेल तर चिखलाची घसरगुंडी.

असे तीसेक तुकडे असतात. प्रत्येक तुकड्याला अवघडपणाप्रमाणे एक ते पाच तारे दिलेले असतात. सगळ्यात अवघड तीन, पाच ताऱ्यांचे: आरेनबर्गच्या जंगलातला, मोंस-आँ-पेव्हेलचा आणि शेवटाकडचा कारफूर द लार्ब्रचा. तुकड्यांचे क्रमांक उलटे मोजतात, म्हणजे मोठ्या आकड्यापासून खाली एकपर्यंत. दमलेल्या माणसाला किती झाले यापेक्षा किती उरले हे कळणं जास्त गरजेचं असतं, नाही का?

या शर्यतीला "उत्तरेचा नरक" म्हणतात. हे नाव दगडांमुळे पडलं असं वाटतं, पण तसं नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये शर्यत पुन्हा भरवायची ठरली, तेव्हा आयोजक आणि पत्रकार रस्ता बघायला निघाले. गावं उद्ध्वस्त, झाडं जळालेली, जमिनीत तोफगोळ्यांचे खड्डे. ते दृश्य बघून हे नाव आलं आणि कायमचं चिकटलं. शर्यत त्या वर्षी झालीच.

आणि जिंकणाऱ्याला काय मिळतं? रोख बक्षीस असतंच, पण मानाचा चषक म्हणजे त्या रस्त्यातला एक दगड! चौथऱ्यावर बसवलेला खराखुरा चिरा. जगातले भलेभले सायकलपटू तो दगड डोक्यावर उचलून रडतात.

शर्यतीच्या आधीचा आठवडा तर बघण्यासारखा असतो. आदल्या रविवारी बेल्जियममध्ये फ्लँडर्सची मोठी शर्यत होते आणि मग सगळ्यांचे डोळे रूबेकडे. संघ दगडांवर येऊन सराव करतात, टायरमध्ये हवा किती ठेवायची यावर चर्चा रंगते, हवामानाचा अंदाज दिवसातून दहा वेळा बघितला जातो. आणि एक गोष्ट हमखास होते: प्रत्येक सायकलपटूची या शर्यतीतली जुनी कुंडली बाहेर निघते. कोण किती वेळा उतरला, किती वेळा पूर्ण केली, कुठे पडला, कुठे पंक्चर झाला. बाकी वर्षभर तुम्ही काय जिंकलं ते इथे नंतर विचारतात, आधी विचारतात ते दगडांवरचं खातं. आपण आज तेच खातं उघडणार आहोत.

धडा १: शर्यत आली धंद्यातून

रूबे हे कापडाचं शहर. एकेकाळी गिरण्यांच्या चिमण्यांमुळे ओळखलं जाणारं. तिथल्या तेओदोर व्हिएन आणि मोरीस पेरेझ या दोन कापड उद्योजकांनी १८९५ मध्ये शहरात सायकलचा ट्रॅक बांधला. ट्रॅक झाला, पण लोक यायला हवेत ना! मग त्यांनी डोकं चालवलं. पॅरिसहून निघणारी आणि आपल्या ट्रॅकवर संपणारी शर्यत. पॅरिसमधल्या सायकलच्या वर्तमानपत्राला त्यांनी पत्र लिहिलं. नामांकित बोर्दो–पॅरिस शर्यतीच्या आधीचा सराव म्हणून ही शर्यत खपेल, असा त्यांचा मुद्दा होता.

इथे थांबून बघा. त्यांनी मोठ्या शर्यतीशी स्पर्धा केली नाही, तिच्या पोटात आपली जागा शोधली. वर्तमानपत्राला मजकूर मिळाला, सायकलपटूंना सराव मिळाला, ट्रॅकला गिऱ्हाईक मिळालं. तिघांचं भलं, म्हणून गाडी चालली.

पहिली शर्यत १८९६ च्या एप्रिलमध्ये झाली. जर्मनीचा योझेफ फिशर जिंकला, बक्षीस एक हजार फ्रँक. तिसरा आला मोरीस गॅरिन, ज्याचं रूबेमध्येच भावांबरोबर सायकलचं दुकान होतं. गॅरिनने १८९७ आणि १८९८ ची शर्यत जिंकली. आता विचार करा, सायकलच्या दुकानदाराला याहून चांगली जाहिरात कुठली? पुढे १९०३ ची पहिली टूर द फ्रान्सही त्यानेच जिंकली.

तो पहिला ट्रॅक आज नाही. रूबेच्या गिरण्यांचा सुवर्णकाळही संपला. पण गिऱ्हाईक आणण्यासाठी काढलेली शर्यत सव्वाशे वर्षांनंतरही चालू आहे. दोन महायुद्धांत खंड पडला, २०२० मध्ये कोविडमुळे रद्द झाली, तरी पुन्हा उभी राहिली. मूळ धंदा गेला तरी शर्यत उरली, कारण ती दरवर्षी परत येत राहिली.

धडा २: ज्याची लाज वाटते तेच वेगळेपण असू शकतं

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये रस्ते सुधारायला लागले. गावोगावी दगडी रस्त्यांवर डांबर पडलं. गावकऱ्यांच्या दृष्टीने हे बरोबरच होतं, दगडी रस्ता म्हणजे मागासलेपण. टीव्हीवर आपल्या गावाचा खराब रस्ता दिसावा असं कुठल्या सरपंचाला वाटेल? पण शर्यतीचं काय? दगड गेले तर ही शर्यत इतर शंभर शर्यतींसारखी एक होणार.

१९६० च्या दशकात आयोजकांनी मुद्दाम जुने दगडी रस्ते शोधायला सुरुवात केली. तेव्हा मदत केली जाँ स्ताब्लिन्स्की या सायकलपटूने. तो त्याच भागातला, १९६२ चा जगज्जेता. लहान वयात त्याने कोळशाच्या खाणीत काम केलं होतं आणि ती खाण आरेनबर्गच्या जंगलाखाली होती. जंगलातल्या सरळसोट दगडी रस्त्याची माहिती त्याने दिली. १९६८ मध्ये तो रस्ता पहिल्यांदा शर्यतीत आला आणि आज तोच शर्यतीचा चेहरा आहे. ज्या रस्त्याखाली त्याने कोळसा काढला, त्याच रस्त्यावरून त्याने सायकल चालवली.

आता तर चित्र उलटं आहे. हे दगड जपण्यासाठी शर्यतप्रेमींची संघटना आहे, स्वयंसेवक निखळलेले चिरे पुन्हा बसवतात. आरेनबर्गमध्ये फटींतलं गवत काढायला शेळ्यासुद्धा सोडल्या गेल्या आहेत!

तुमच्या मालात असं काय आहे, जे तुम्हाला "जुनाट" वाटतं म्हणून तुम्ही झाकताय? हाताने केल्याची खूण, गावठी बियाणं, आजीची पद्धत? डांबर टाकण्याआधी दहा वेळा विचार करा.

धडा ३: पंक्चर होणारच, प्रश्न पुढचा

या शर्यतीत पंक्चर ही दुर्घटना मानत नाहीत, तो खर्चाचाच भाग आहे. म्हणून तयारी बघा कशी असते. टायर नेहमीपेक्षा रुंद, हवा कमी, म्हणजे दगडाचा दणका टायर खाईल. हँडलवर जादा पट्टी. आणि मुख्य म्हणजे संघाची माणसं ठिकठिकाणी दगडी तुकड्यांच्या कडेला सुटी चाकं हातात घेऊन उभी असतात. कारण अरुंद रस्त्यावर संघाची गाडी वेळेत पोचेलच याची खात्री नसते.

२०२५ ची शर्यत घ्या. तिच्याबद्दल एवढी उत्सुकता होती, कारण तादेय पोगाचार पहिल्यांदा या शर्यतीत उतरत होता. टूर द फ्रान्सचा चालू विजेता रूबेला उतरण्याची ही १९९१ नंतरची पहिलीच वेळ. त्याच्या समोर मातिऊ व्हान डर पूल, २०२३ आणि २०२४ चा विजेता. दोघंच पुढे निघाले. शेवटचे ३८ किलोमीटर उरले असताना पोगाचारचा एका वळणावर अंदाज चुकला आणि तो कडेला जाऊन आदळला. व्हान डर पूल एकटा पुढे गेला. पण गंमत पुढे आहे: शेवटच्या टप्प्यात व्हान डर पूलचंही चाक पंक्चर झालं. त्याने सायकल बदलली आणि तरीही जिंकला. सलग तीनदा जिंकणारे त्याच्या आधी फक्त दोघं, ऑक्ताव लापीझ आणि फ्रांचेस्को मोझर.

म्हणजे नशिबाने दोघांनाही फटका दिला होता. व्हान डर पूलकडे तेव्हा हातात थोडी आघाडी होती आणि बदलायला सायकल तयार होती. धंद्यात यालाच आपण राखीव म्हणतो. मिक्सर बंद पडला तर दुसरा कुणाकडे आहे? टेम्पोवाला आला नाही तर कुणाला फोन करायचा? हे त्या दिवशी सकाळी शोधायचं नसतं.

धडा ४: हजेरीची ताकद, आणि तिची मर्यादा

आता माझा सगळ्यात आवडता माणूस. मॅथ्यू हेमन, ऑस्ट्रेलियाचा. नाव ऐकलं नसेल, कारण त्याचं काम कायम दुसऱ्याला जिंकवण्याचं. संघाच्या कॅप्टनसाठी वाऱ्यात पुढे राहायचं, पाण्याच्या बाटल्या आणायच्या. पण रूबेवर त्याचं प्रेम. वर्षामागून वर्षं तो ही शर्यत करत राहिला.

२०१६ च्या फेब्रुवारीत बेल्जियममधल्या एका शर्यतीत तो पडला आणि हाताचं हाड मोडलं. रूबेला फक्त सहा आठवडे. हंगाम संपला असंच सगळ्यांना वाटलं. हेमन घरात ट्रेनरवर सायकल लावून बसला आणि मोडक्या हाताने पाय मारत राहिला.

१० एप्रिल २०१६. हेमन पंधराव्यांदा रूबेच्या शर्यतीत. वय ३७, दहा दिवसांनी ३८ होणार. तो सुरुवातीलाच पुढे गेलेल्या गटात घुसला. असे गट बहुतेक वेळा नंतर पकडले जातात. मागून मोठी नावं आली, त्यात टॉम बोनेन. बोनेन म्हणजे रूबेचा राजा: २००५, २००८, २००९, २०१२ असे चार विजय. हा विक्रम त्याच्याशिवाय फक्त रॉजर द व्लामिंकच्या नावावर आहे. बोनेनला पाचवा हवा होता. शेवटच्या अवघड तुकड्यावर हेमन मागे पडला, पण पुन्हा येऊन मिळाला. ट्रॅकवर पाच जण आले. आणि शेवटच्या धावेत हेमनने बोनेनला हरवलं. रेषा ओलांडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आनंदाच्या आधी अविश्वास होता.

मित्रांनो, इथे बरेच ट्रेनर थांबतात. "बघा, चिकाटी ठेवा, एक दिवस तुमचाही येईल!" टाळ्या. मी थांबणार नाही, कारण त्याच पाच जणांत आणखी एक माणूस होता, बेल्जियमचा सेप व्हानमार्के.

व्हानमार्के २०१३ मध्ये याच ट्रॅकवर फाबियान कान्चेलाराकडून शेवटच्या धावेत हरला होता. दुसरा. २०१४ मध्ये चौथा. २०१६ मध्ये पुन्हा चौथा. गुणवत्ता होती, चिकाटी होती, दगड कळत होते. २०२३ मध्ये हृदयाच्या त्रासामुळे त्याला निवृत्त व्हावं लागलं. रूबेचा दगड त्याच्या घरी कधीच आला नाही.

म्हणून चिकाटीने यश मिळतंच असं मी तुम्हाला सांगणार नाही. हेमनला मिळालं, व्हानमार्केला नाही. पण एक गोष्ट दोघांनाही लागू आहे: जो सुरुवातीच्या रेषेवर नाही, त्याला नशीब सापडू शकत नाही. हेमन चौदा वेळा हरला, पण चौदाही वेळा त्याने पुन्हा येण्याइतकं शिल्लक ठेवलं. पहिल्याच शर्यतीत सगळं संपवलं असतं तर पंधरावी झालीच नसती.

आमच्या ताईंचं नेमकं हेच चुकलं. खरं म्हणजे माझं चुकलं.

धडा ५: हवा बदलली की जुनं खातं कोरं होतं

२००२ मध्ये चिखलातली शर्यत झाली आणि त्यानंतर जवळपास वीस वर्षं रूबेला पाऊसच आला नाही. सायकलपटूंची एक पिढी कोरड्या दगडांवरच शिकली. मग कोविडमुळे २०२१ ची शर्यत एप्रिलवरून ऑक्टोबरला गेली आणि पाऊस आला. सगळे चिखलात माखलेले, कोण कुठल्या संघाचा तेही कळेना.

निकाल काय लागला? पहिला इटलीचा सोनी कोलब्रेली, दुसरा फ्लोरियान व्हर्मीर्श, तिसरा व्हान डर पूल. तिघांचीही ही पहिलीच रूबे! इतक्या वर्षांचा अनुभव असलेले सगळे मागे. परिस्थिती बदलते तेव्हा जुन्या खेळाडूंची आघाडी पुसली जाते आणि नव्या माणसाला दार उघडतं. बाजारातही हेच होतं. लोक मोबाइलवरून पैसे द्यायला लागले तेव्हा किती जुनी दुकानं गडबडली आणि किती नवे पुढे आले, आठवा.

कोलब्रेलीची गोष्ट इथे संपत नाही. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये एका शर्यतीच्या शेवटी त्याचं हृदय बंद पडलं. जीव वाचला, पण खेळ संपला. तो रूबे एकदाच खेळला आणि एकदाच जिंकला. म्हणजे एकाला पंधरा वेळा यावं लागलं, दुसऱ्याला एकच संधी होती. तुमचा नंबर कितवा आहे हे आधी कुणालाच कळत नाही. म्हणून तयारी पहिल्याच वेळची पूर्ण हवी, आणि खर्च पंधरा वेळा परवडेल असा हवा. हे वाक्य वहीत लिहून घ्या.

त्या पावसाळी शर्यतीच्या आदल्या दिवशी, २ ऑक्टोबर २०२१ ला, महिलांची पहिली पॅरिस–रूबे झाली. पुरुषांची सुरू झाल्यानंतर सव्वाशे वर्षांनी! ब्रिटनची लिझी डाइनन दगडी भाग सुरू होताना पुढे राहिली. काम काय, तर मागच्या सहकाऱ्यांना सोयीचं व्हावं. मागे वळून बघते तर कुणीच नाही. ती तशीच निघाली आणि ८० हून अधिक किलोमीटर एकटीने जाऊन जिंकली. हातमोजे नव्हते, हँडलवर रक्त होतं. पुरुष विजेत्याला ३०,००० युरो आणि तिला १,५३५ युरो बक्षीस होतं. उरलेला फरक तिच्या संघाने स्वतःहून भरला. बाजार अजून बरोबरीचा भाव देत नाही, हे आपल्या महिला उद्योजकांना वेगळं सांगायला नको. पण पहिली कोण, हे आता कायमचं लिहिलं गेलंय.

धडा ६: कुठे परत जायचं नाही, हेही ठरवा

बर्नार इनो. फ्रान्सचा, पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला. त्याला रूबेची शर्यत मनापासून आवडत नव्हती आणि तो ते लपवायचाही नाही. पण जगज्जेत्याची जर्सी अंगावर असताना या शर्यतीला पाठ दाखवणं त्याला पटलं नाही. १९८१ मध्ये तो उतरला. सात वेळा पडला. त्यातलं एक पडणं शेवटाजवळ, सायकलखाली कुत्रं आल्यामुळे! तरी ट्रॅकवर द व्लामिंक आणि मोझर अशा दोन दिग्गजांना हरवून जिंकला. पुढच्या वर्षी विजेता म्हणून मान राखायला आला, नववा आला, आणि मग कधीच आला नाही.

यात हार नाही. त्याचा खरा धंदा टूर द फ्रान्स होता. इथे हाड मोडलं असतं तर तो धंदा बुडाला असता. काही जणांनी पंधरा वेळा यावं, काही जणांनी एकदा सिद्ध करून निघावं. फक्त ते शांत डोक्याने ठरवलेलं असावं, घाबरून पळालेलं नसावं.

आता आपलं गणित

चला, हे सगळं आकड्यांत बसवू. समजा तुमच्याकडे धंद्यासाठी बाजूला काढलेले दोन लाख आहेत. घरखर्च आणि आजारपणाचे पैसे यात धरायचे नाहीत.

पहिली पद्धत, जी मी ताईंना करायला लावली: एकाच प्रदर्शनात १,७५,००० रुपये. निम्मा माल खपला आणि मुद्दलापैकी साठ-सत्तर हजार हातात आले, तरी पुढच्या वर्षी तेवढाच डाव पुन्हा खेळता येत नाही. मनही खचलेलं असतं.

दुसरी पद्धत: एका वेळी ६०,००० रुपये. स्टॉल दोघींत वाटून घ्यायचा. माल कमी पण निवडक. सगळे साठ हजार बुडाले असं धरलं, तरी १,४०,००० शिल्लक. म्हणजे अजून दोन वेळा त्याच ताकदीने उभं राहता येतं, आणि वर वीस हजार सुट्या चाकांसाठी. नफा कमी होईल का? चांगल्या वर्षी हो, कमी होईल. मान्य. ती किंमत आहे. तुम्ही पुढच्या रविवारची जागा विकत घेताय.

आणि प्रत्येक वेळी वहीत खातं लिहायचं: काय आधी संपलं, काय उरलं, गिऱ्हाईकाने काय मागितलं जे आपल्याकडे नव्हतं, कुठल्या तासाला गर्दी होती. हेमनला चौदा वेळा दगड मोजता आले, तुमच्या वहीत तरी चार पानं हवीत.

ताईंना काय सांगितलं?

मी त्यांना फोन केला. आधी माफी मागितली. म्हटलं, "ताई, पूर्ण ताकदीने उतरा हे मी बरोबर सांगितलं होतं, पण पूर्ण पैशाने उतरा असं तुम्ही समजलात आणि मी तुम्हाला अडवलं नाही." त्या हसल्या. म्हणाल्या, "सर, पाऊस तुम्ही पाडला नव्हता." मग आम्ही तासभर हिशेब केला. यंदा शेजारच्या एका वहिनींबरोबर अर्धा स्टॉल, पन्नास हजारांच्या आत, जास्त टिकणारे दोनच पदार्थ, आणि निम्मी ऑर्डर आधीच आगाऊ पैसे घेऊन. यंदा चांगलं जाईल याची खात्री मी त्यांना दिलेली नाही. यंदा वाईट गेलं तरी पुढच्या वर्षी त्या तिथे असतील, एवढी मात्र आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या धंद्यातला "रूबेचा रविवार" कुठला, ते लिहा.
२. त्या दिवसासाठी लावलेले सगळे पैसे बुडाले, तर पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहता येईल का? हो की नाही, एकाच शब्दात.
३. "नाही" असेल, तर खर्चाचा आकडा किती कमी केला की उत्तर "हो" होईल, तो आकडा लिहा.
४. त्या दिवशी होऊ शकणारी तीन पंक्चर लिहा आणि प्रत्येकासमोर सुटं चाक कोण धरून उभं असेल, त्याचं नाव आणि फोन नंबर स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कमेंटमध्ये टाका. "नाही" लिहायला लाजू नका. मी सगळी उत्तरं वाचतो, आणि पुढच्या व्हिडिओत त्यातलीच काही गणितं फळ्यावर सोडवू.

भेटूया पुढच्या रविवारी. तोपर्यंत टायरमधली हवा तपासून ठेवा!